एक जूनची माणसं

३१ मे. सकाळपासून कोरडा, गरम वारा. दुपारी बिडकीनच्या बाजूला ढग जमले, तासभर थांबले आणि गेले.

आमच्या कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग काढतात तिथं, किस्से कोणी ठरवून सांगत नाही. मशीनखाली पत्र्याची कातरण साचते तसे ते साचतात, आणि कोणाचा पाय पडला की टोचतात. या उन्हाळ्यात साचले ते सगळे पेन्शनचे. योजना सरकारची, पण सक्तीची नाही. आपण साठीपर्यंत दर महिन्याला खात्यातून हप्ता भरायचा, साठीनंतर दर महिन्याला पेन्शन यायची. आपण गेलो तर बायकोला. अट अशी की चाळीस पूर्ण व्हायच्या आत नाव घालायचं. मी चाळिशी कधीच ओलांडली, त्यामुळं माझ्याकडं फक्त ऐकणं आणि घरी जाऊन लिहून ठेवणं एवढंच काम.

*

आधी एक जूनचं सांगतो. आमच्याकडं खेड्यात मूल कोणत्या तारखेला झालं हे कोणी लक्षात ठेवत नसे. शाळेत नेलं की गुरुजी पोराकडं एकदा बघून वर्ष ठरवायचे आणि तारीख टाकायचे एक जून. त्यामुळं शॉपमधले जवळजवळ सगळे एक जूनचे!

पुण्याहून नवी एचआर मॅडम आली. ज्याचा वाढदिवस त्याच्यासाठी केक आणायचा, असं तिनं जाहीर केलं. मग कॉम्प्युटरवर यादी बघितली आणि तशीच शॉपमध्ये आली. "अहो, तुम्ही सगळे एकाच दिवशी कसे जन्मलात?"

साळवे आमचा वेल्डर. तोंडावरची काच वर करून म्हणाला, "जन्मलो वेगवेगळे, मॅडम. गुरुजी एकच होते!"

केकसुद्धा एकच आला.

*

एप्रिलमध्ये गेटसमोर छत्री लावून एक मुलगी योजनेची माहिती द्यायला बसली. पॅकिंगमधले शकीलभाई सिल्लोडचे, कागदावर अजून चाळिशीच्या आतले. रोज आठ तास खोके उचलून त्यांची कंबर सरळ होत नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"साठ तक कौन पहुंचता बेटा, ये कमर लेके?"

"नाही पोचलात तरी वाया जात नाही, चाचा. तुमच्यानंतर चाचींना मिळेल."

शकीलभाई दचकून मागं सरकले. "उसकू मत बोलना! अभी तो मेरी उम्र की दुआ मांगती!"

सगळे हसले. शकीलभाईंनी नाव घातलं नाही.

*

साळवेनं मात्र घातलं होतं. मागच्या वर्षी, हौसेनं. बायकोला फोटोसकट व्हॉट्सॲपवर पाठवलं, 'आपलं म्हातारपण पक्कं!'

मग ठेकेदार बदलला. नव्यानं पगार नव्या बँकेत टाकला. जुनं खातं रिकामं पडलं, हप्ता कापला गेला नाही, वर दंड बसायला लागला. साळवे बँकेत चौकशीला गेला तर तिथं जेवणाची सुट्टी. दुसऱ्यांदा गेला तर साहेब रजेवर. दोन्ही खेपेला इकडं खाडा लागला.

"मास्तर," तो मला म्हणाला. मी डायरी लिहितो म्हणून मी मास्तर. "म्हातारपण पुढं येईल तवा येईल. त्याचा त्रास मात्र ॲडव्हान्समध्ये मिळाला!"

*

पण या सगळ्यात खरा अडकला होता रावसाहेब. गंगापूरकडचा, प्रेस चालवणारा. कायम ठेकेदाराच्या हाताखाली, त्यामुळं पीएफ नाही, काही नाही. मूलबाळ नाही. घरी तो आणि मंगलवहिनी. हात चालतात तोवर चूल, हे दोघांनाही माहीत.

शाळेच्या दाखल्यावर तो एक जूनला चाळीस पूर्ण करणार. म्हणजे मे महिन्यातच काय ते ठरवायचं. पण त्याला शाळेत घातलं लई उशिरा, आणि गुरुजींनी वय लावलं पहिलीच्या पोराचं. खरा तो पंचेचाळीसच्या पुढं.

"कागद साठीचा होईल तवा मी पासष्टच्या वर," तो म्हणाला. "आमच्यात साठीला पोचलेला बाप्या दाखवा मला. बाप नाय, दोन्ही चुलते नाय."

"मग नको भरू."

"आन पोचलो तर?"

त्यानं रोज हेच विचारलं, आणि मी रोज ते घरी जाऊन डायरीत लिहिलं.

*

हप्ता कुठून काढायचा? साळवे म्हणाला, "तंबाखू सोड. तेवढ्यात निघतोय."

रावसाहेबानं मळलेली तंबाखू तशीच हातावर धरली. विचार करू लागला.

"थांब थांब," साळवेलाच शंका आली. "सोडली तर तू जगशील, मग पेन्शन लागंल. नाय सोडली तर लवकर जाशील, मग पेन्शनचं कामच नाय. दोन्हीकडून तू बरोबरच हायेस!"

रावसाहेबानं तंबाखू तोंडात टाकली.

*

गेल्या रविवारी त्याच्या घरी गेलो. रावसाहेब नळावर पाणी आणायला गेला तशा वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच सांगा त्यांना भरायला."

"पुढं तुम्हाला उपयोगी पडेल, हे खरं."

"माझ्यासाठी नाय वो. महिना झाला, घास हातात धरून नुसते बसत्यात. एकदा भरून टाकलं म्हंजी घास तोंडात तरी जाईल."

मी त्याला सांगितलं. तो लगेच 'व्हय' म्हणाला. कोणीतरी सांगायची वाट बघत असावा.

*

आज पहिली पाळी सुटल्यावर आम्ही दोघं सेवा केंद्रात गेलो. नंबर लागला. रावसाहेबानं आधार कार्ड पुढं केलं. कार्ड जुनं, त्यावर जन्माचं नुसतं वर्ष. कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलीनं आधारचा नंबर टाकला, स्क्रीनकडं बघितलं.

"काका, तुम्हाला जानेवारीतच चाळीस पूर्ण झाली."

"जानेवारी कुठून आली? मी एक जूनचा."

"आधार काढताना नुसतं वर्ष सांगितलं असेल. तारीख नसली की एक जानेवारी धरतात."

रावसाहेबानं खिशातून शाळेचा दाखला काढून उलगडला. "हे बघा ना, ताई. गुरुजींची सही हाय."

"इथं आधारच चालतं. दुरुस्ती करता येईल, पण ती आज होणार नाही." मग तिलाच वाईट वाटलं. "घरात चाळिशीच्या आतलं कोणी आहे का? त्यांच्या नावानं करू."

रावसाहेब एकदम ताठ झाला. "बायको हाय ना! पस्तिशीची हाय. तिचंच करा!"

वहिनींचं कार्ड त्याच पिशवीत होतं. मुलीनं नंबर टाकला. मग कार्डावरून परत एकदा ताडून बघितला.

"काकूंचंही एक जानेवारीच आहे," ती म्हणाली. "आणि वर्षही तुमचंच."

मी रावसाहेबाकडं बघितलं.

"आधारच्या कॅम्पात लई गर्दी होती, मास्तर," तो म्हणाला. "फॉर्म भरणाऱ्यानं तिला वय इचारलं, ती काय बोलंना. मी म्हणलं, टाक माझ्याएवढंच."

रावसाहेबाचं नाव घेतलं गेलं नाही. मंगलवहिनींचंही नाही.