भाकरीतला काटा

आमच्या कोळीवाड्यात घशात काटा अडकणं हा आजार नव्हता. सुताराच्या बोटात कुसळ शिरावं तसं ते रोजचं होतं. अडकला तर कोरड्या भाकरीचा गोळा न चावता गिळायचा, नाहीतर पिकलेलं केळं. तेवढ्यानं भागलं नाही तर खाडीपलीकडच्या गावात एक म्हातारा होता, तो मान चोळून, काहीतरी पुटपुटून काटा ‘उतरवायचा’. बहुतेकांचा उतरायचाही. काटा कधी ना कधी आपसूक उतरतोच, हे मला कळत होतं. पण मी नवी सून, त्यातून सातवी पास होऊन गावच्या शाळेत शिकवणारी. हिला शहाणपण पाजळायची हौस आहे, हे घरानं आधीच ठरवून टाकलेलं. म्हणून मी गप्प बसायची.

माझी सासू अलिबागच्या बाजारात मासे विकायची. तिनं तोंड उघडलं की गिऱ्हाईक भाव करायचं विसरायचं. मला ती ‘मास्तरीणबाय’ म्हणायची. घरात ते टोमण्यासारखं लागायचं आणि बाजारात तोच शब्द ती मिरवायची. आमचं फार सख्य होतं असं नाही. दोन्ही भांडी पितळेची, आवाज तर होणारच.

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील, त्या सालची गोष्ट. गणपती गेले आणि सासू दर घासाला पाणी पिऊ लागली. “करली खाल्ली, तिचा बारीक काटा बसलाय,” म्हणाली. करली हा मासा चवीला गोड, पण काट्यांनी भरलेला, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. ती खाडीपलीकडे जाऊन आली, काटा उतरला. आठ दिवस बरे गेले, पुन्हा लागला. पुन्हा गेली, पुन्हा उतरला. मग तिनं मासेच सोडले. मासे विकणारी बाई मासे खात नाही म्हटल्यावर आम्ही हसलो. तिची चोळी दंडात सैल झाली होती. ती आम्ही रोज बघत होतो आणि कुणालाच दिसत नव्हती.

दिवाळीनंतर मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातला तरुण डॉक्टर दोन मदतनीस घेऊन आमच्या शाळेत आला. आमच्या किनाऱ्यावरची बरीच माणसं त्यांच्याकडे अन्ननलिका बंद होऊन येतात, आणि येतात ती थेट पाणीसुद्धा उतरत नाही अशा अवस्थेत, असं त्यानं मला सांगितलं. त्याला अजून जेवणारी, हिंडणारी माणसं शोधायची होती. रोग सुरुवातीला कसा ओळखायचा आणि लवकर धरला तर हाती काही लागतं का, हे तो आणि त्याचे वरचे डॉक्टर तपासत होते. आमची बोली त्याला कळेना, म्हणून मला शेजारी बसवलं.

सकाळभर त्यानं एकेका बाईला विचारलं, “गिळायला त्रास होतो का?” एकेक बाई पदर सावरून म्हणाली, “न्हाय.” माझी सासूही म्हणाली, “न्हाय.” मिश्री लावता का, चहा कढत पिता का, दारू किती, सगळं विचारून झालं. दुपारपर्यंत डॉक्टरचा चेहरा उतरला. मला त्याची कीवही आली आणि थोडी गंमतही वाटली.

जेवायला आमच्या घरून कालवण आलं होतं. चतुर्थीला कांदासुद्धा न चालणाऱ्या घरातला तो पोरगा, मुंबईत नुकता मासे खायला शिकलेला. व्हायचं तेच झालं. दुसऱ्याच घासाला ठसका, डोळ्यांत पाणी, हात गळ्याकडे. सकाळपासून अंग चोरून बसलेल्या बायका एकदम मोकळ्या झाल्या. डॉक्टरच्या घशात काटा! सासूनं पुढं होऊन भाकरीचा गोळा वळला आणि त्याच्या हातावर ठेवला.

“चावू नको रं. तसाच गिळ.”

त्यानं गिळला. काटा गेला. मग प्रत्येकीला आपापला काटा आठवला. एकीचा बाळंतपणात अडकलेला, एकीचा लग्नाच्या पंगतीत. आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण होती, माझ्याहून थोडी मोठी, पदरात तीन लहान मुलं. ती हळूच म्हणाली, “मना पन अधनंमधनं लागतो.” सासूनं सगळ्यांवर मात केली.

“तुमचं काय घेऊन बसल्यात! माजा तर गणपतीपासनं हाय.”

बायका हसल्या. डॉक्टरही हसत होता, तो थांबला. ताट बाजूला सारून त्यानं विचारलं, “आजी, काल काय खाल्लंत?”

“भाकरी.”

“बरोबर काय?”

“काय न्हाय. मासं सोडलं मी, काट्याच्या भ्यानं. नुसती भाकरी, पान्यात बुडवून.”

“आणि काल अडकला?”

“व्हय. कालबी अडकला.”

“आजी, भाकरीत काटा कुठून आला?”

शेजारणीनं आपलं पोर मांडीवर ओढून घेतलं. सकाळी कुणी खोटं बोललं नव्हतं. आमच्याकडे ‘गिळायला त्रास’ कुणाला होतच नाही, आमच्याकडे काटा लागतो. डॉक्टरनं आपला प्रश्न तिथल्या तिथं बदलला आणि त्या दुपारी दुसऱ्या फेरीत सासूखेरीज आणखी तिघीजणी ‘व्हय’ म्हणाल्या. मला भयंकर राग आला होता. त्या खाडीपलीकडच्या म्हाताऱ्याचा, करलीचा, आमच्या हसण्याचा, सगळ्याचाच.

नवरा होडीवर होता, परतायला अवकाश होता. त्याची वाट न बघता मी सासूला घेऊन रेवसला मुंबईच्या लाँचमध्ये बसले.

इस्पितळात तिला खडूच्या पाण्यासारखं पांढरं काहीतरी प्यायला देऊन फोटो काढले. डॉक्टरनं फोटो उजेडापुढं धरून दाखवला. पांढरी रेघ सरळ खाली उतरत होती आणि मध्येच उंदरानं कुरतडल्यासारखी बारीक झाली होती. मग मान मागं करून लोखंडाची नळी घशात घातली, आतला कण काढून तपासला. मी बाहेर बाकावर बसले होते. आतून तिचा आवाज यायचा नाही, नुसता भांड्यांचा यायचा.

वॉर्डात तिच्या आजूबाजूला आमच्याच बाजूची माणसं निघाली. एक उरणचा मिठागरात राबणारा, एक अलिबागकडची म्हातारी. प्रत्येकाच्या उशाशी पत्र्याचा डबा, कारण थुंकीही खाली उतरत नव्हती. सासूनं प्रत्येकाला विचारलं, कसं सुरू झालं? मिठागरवाल्याला बोलवत नव्हतं, त्यानं बोटानं गळ्यात टोचल्याची खूण केली. सासू परत येऊन खाटेवर बसली आणि तिनं त्या डब्याकडे बघितलं. तेव्हाच तिला सगळं कळलं असावं. मला तिथून तिला उचलून पळून जावंसं वाटत होतं.

डॉक्टरनं आडपडदा ठेवला नाही. गाठ आहे, वाईट जातीची आहे. एक वाट कापायची, एक यंत्रातल्या किरणांनी शेकायची. कोणती बरी, हेच आम्ही शोधतोय, म्हणाला.

“शोधताय म्हंजे? तुना बी म्हाईत न्हाय?”

“नाही, आजी.”

“बरं झालं,” सासू म्हणाली. “म्हाईत हाय म्हननाऱ्यानं दोनदा काटा उतरवला माजा. दे शेक.”

शेक घेऊन तिच्या छातीवरची कातडी काळवंडली, आवाज बसला, अंगातली होती ती ताकदही गेली. पण महिना-दीड महिन्यानं तिनं माझ्यासमोर मऊ भात खाल्ला, पाण्याशिवाय. मी रडले. ती म्हणाली, “मेले न्हाय अजून, रडतीस काय?” गाठ परत येऊ शकते, हे डॉक्टरनं आम्हां दोघींनाही सांगितलं होतं.

गावात तोवर बातम्या पिकल्या होत्या. मुंबईला घशात लोखंड घालतात, आतडी बाहेर काढतात, नेलेलं माणूस परत येत नाही. त्या दुपारी ‘व्हय’ म्हणालेल्या तिघींपैकी एकही मुंबईला गेली नव्हती. शेजारीण तर डॉक्टरचं नाव काढलं की घरात शिरायची. सासू लाँचमधून उतरली तर बंदरावर अर्धा गाव उभा. कुणीतरी विचारलं, काय झालेलं गं? माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “काय व्हायचंय? काटाच व्हता. खोल बसलेला. काढला मुंबयच्या डाक्टरानं.”

घरी आल्यावर मी तिच्याशी कडाकडा भांडले. पोरांना शाळेत खरं बोला म्हणून शिकवायचं आणि घरात हे. तिनं ऐकून घेतलं.

“खरं सांगितलं तर कोन जाईल, मास्तरीणबाय? तू सांग.”

पुढच्या दोन महिन्यांत तिघींपैकी दोघी मुंबईला जाऊन आल्या. एकीला खरंच काही नव्हतं, निव्वळ घसा सुजलेला. दुसरीवर तिथं उपचार सुरू झाले. राहिली शेजारीण. तिचा नवरा म्हणायचा, म्हातारी खरंच बरी झालीय का बघू, मग ठरवू. तिकडे तिचं पाणी पिणं वाढत चाललं होतं. भिंतीपलीकडून जेवताना तांब्या ठेवल्याचा आवाज यायचा आणि मला घास जायचा नाही.

होळीनंतर सासूचा घास पुन्हा अडायला लागला. आधी भात, मग पेज. या वेळी तिनं काट्याचं नाव काढलं नाही. मी तिला मुंबईला नेलं, गावात सांगितलं की दाखवायला नेतेय. डॉक्टरनं तपासलं आणि तो बराच वेळ तिचा हात धरून बसला. आता पोटाला भोक पाडून नळीतून खाणं घालायचं, एवढंच त्याच्या हातात होतं.

“घालू,” ती म्हणाली. “पन लगीन होऊ दे.”

लग्न आमच्या भावकीतलं होतं, पुढच्या आठवड्यात. मला वाटलं, हिला लग्न बघायचंय. मी तिला हट्टी म्हटलं, अजून काय काय म्हटलं. तिनं फक्त एवढंच म्हटलं की गावात कुणाला काही सांगायचं नाही.

लग्नाच्या दुपारी बायकांची पंगत मांडवात बसली. सासूनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, आत दुसरं गुंडाळून, म्हणजे अंग भरल्यासारखं दिसावं. ती नेमकी शेजारणीच्या समोर जाऊन बसली. ताटात भात, कालवण, तळलेला मासा. म्हातारीला घास उतरतो का, मांडवातल्या पन्नास डोळ्यांना आज तेवढंच बघायचं होतं, हे मला तेव्हा उमगलं. मी वाढत होते.

तिनं मोठा घास केला. चावला, चावतच राहिली, मान जराशी पुढं घेतली आणि गिळल्यासारखं केलं. मग दुसरा. वरमाईला ओरडून म्हणाली, “कालवनात मीठ कमी हाय गं!” बायका हसल्या. तिसरा घास, चौथा. तिच्या कपाळावर घाम आला होता, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, पण हात थांबेना. शेजारीण स्वतःचं जेवण विसरून तिच्या तोंडाकडे बघत होती. मांडवाच्या कडेला तिचा नवरा उभा होता, तोही बघत होता. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अरे हे सगळं खोटं आहे, आणि मी पुढं होऊन तिच्या ताटात आणखी भात वाढला.

तिनं माझ्याकडे बघितलं. तोही खाल्ला.

मग “सुनंला हाताखाली माणूस न्हाय, बघते चुलीकडं” असं म्हणत ती उठली. ताठ चालत मांडवाबाहेर गेली. मी मागोमाग धावले. घरामागं माडाला धरून ती वाकली आणि खाल्लेलं सगळं जसंच्या तसं बाहेर पडलं, एक शीतही पोटात गेलं नव्हतं. शेवटी रक्त आलं. मी तिला दोन्ही हातांनी धरून उभी होते. लुगड्याच्या दोन घड्यांच्या आत ती उरलीच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला मिठी मारली आणि तिनं मारू दिली.

मांडवातून शेजारणीच्या नवऱ्याचा आवाज आला. तो कुणाला तरी विचारत होता, सकाळची लाँच रेवसवरून कधी सुटते.

सासूनं पदरानं तोंड पुसलं. “ऐकलंस?”

“ऐकलं, आये.”

“मंग आता ने मना. घाल म्हनावं नळी.”