हळदीकुंकवाखालची रायफल

त्या माणसाचा मला राग येतो. इतक्या वर्षांनी तरी सोडून दे, असं कोणी सांगितलं तर मला सांगणाऱ्याचाही येतो.

ऑफिसात तो माझ्यापेक्षा दोन पायऱ्या वर होता. मूळचा पुण्याचा, सिंगापुरात सेरंगूनला मोठा फ्लॅट, आणि हॉलच्या भिंतीवर एक जुनी लष्करी थ्री-नॉट-थ्री रायफल. ती पोलिसांच्या परवान्यावर होती, नळी पोलादाने बुजवून कायमची निकामी केलेली, आणि ती घराबाहेर न्यायला मुभा नव्हती. त्यामुळे तिच्या दुरुस्तीसाठी मीच दर शनिवारी यिशुनहून त्याच्या घरी हजर व्हायचो. एरवी मी तिथे पाणीसुद्धा प्यायलो नसतो. पण जुन्या रायफली ओळखायचं मला वेड आहे आणि या देशात ते स्वतःच्या बळावर करता येत नाही. इथे खिशात रिकामं काडतूस सापडलं तरी माणसाची वरात निघते. दुसऱ्यांच्या परवान्यावरच्या बंदुकांवर हात फिरवूनच मी हौस भागवत होतो, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बसायला मला बॉम्ब शेल्टर मिळायचं, म्हणजे इथल्या घराघरात असते ती जाड दाराची खोली, जिथे सगळे तांदळाची पोती आणि सुटकेस कोंबतात. चहा कागदी कपात यायचा. ऑफिसातले बाकीचे लोक आले की काचेचे कप निघायचे, हे मी दोनदा पाहिलं होतं. का, ते विचारलं नाही. मला माहीत होतं.

रायफलचा लाकडी दस्ता कोणीतरी चकचकीत पॉलिशने माखून ठेवला होता. ते उतरवून मी लाकडात तळहाताने जवसाचं तेल मुरवत होतो. मग वळलो दस्त्याच्या गळ्याशी असलेल्या पोलादी पट्टीकडे. रायफलची जन्मकुंडली तिथे असते. साल आधीच कोणीतरी घासून टाकलं होतं, पण वर काहीतरी पुसट होतं. अशा वेळी ओला खडू चोळायचा, वाळू द्यायचा आणि वरवर फडकं मारायचं. खोबणीतला खडू तिथेच राहतो आणि शिक्का उठून दिसतो. उठले ते तीन सिंह, अशोकस्तंभावरचे.

मी त्याला बोलावून दाखवलं. "सर, इंग्रजांच्या वेळी इथे मुकुट मारायचे. ही स्वातंत्र्यानंतर बनलेली आहे."

"हळू बोल," म्हणत त्याने शेल्टरचं दार ओढून घेतलं.

बाहेर त्याची आई होती, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेली. तिच्या जन्माआधीच तिचे वडील पलटणीबरोबर मलायात आले आणि युद्धात बेपत्ता झाले. त्यांचा देह मिळाला नाही, घरात एक फोटोसुद्धा नव्हता. पोराने ही रायफल एका म्हाताऱ्या इंग्रजाकडून विकत घेतली आणि आईला सांगितलं, नंबरावरून शोधून काढली, ही तुझ्या वडिलांची. मी पहिल्यांदा आलो त्या दिवशी ती बाई दस्त्यावर गाल टेकून बसली होती. ते मला आठवलं आणि माझं डोकं फिरलं.

"कानशीने घासून टाक ते," तो म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

"नाही घासणार."

"तुला कशाला एवढा पुळका?"

आमच्या बौद्ध घरात अशोकाचे सिंह दारावर असतात, एवढंच मी म्हणालो.

"तुम्हा लोकांचं प्रत्येक गोष्टीत..." वाक्य त्याने अर्धंच सोडलं. असली अर्धी वाक्यं मला पूर्ण ऐकू येतात.

"मग निदान गप्प राहा."

"मला विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"विचारतंय कोण? आणि इथे वाचता कोणाला येतंय?" तो हसला. स्वतः घासायची त्याची तयारी नव्हती. बोटाला तेल लागलं तरी टिश्यू शोधणारा माणूस. मी खडू पुसला, पट्टीला तेल लावलं. सिंह पुन्हा पुसट झाले.

खंडेनवमीची शस्त्रपूजा त्याने सोयीने शनिवारी ठेवली. बेडोकपासूनची मराठी कुटुंबं आली. पाटावर रायफल, तिच्यावर झेंडूचा हार. "तज्ज्ञाकडून तपासून घेतलीय," असं माझ्याकडे बोट करून तो चारचौघांत म्हणाला. मी तोंड उघडेपर्यंत आई थाळी घेऊन खाली बसलीसुद्धा.

त्याने तिचं बोट धरून त्या पट्टीवर नेलं. "इथे लाव आई. भरपूर लाव." तिने ओली हळद थापली, वर कुंकू. शिक्का दिसेनासा झाला आणि त्याने माझ्याकडे विजयी नजर टाकली. खडूने उठलेला शिक्का या गृहस्थाने पाहिला होता, पण त्यातून तो काडीचं शिकला नव्हता. मी गप्प बसलो. आयुष्यात इतक्या आनंदाने मी कधी गप्प बसलेलो नाही.

आरती झाली, फोटो झाले, एसीत हळद वाळली. "लोखंड आहे, ओलं राहिलं तर गंजेल," म्हणत आईने पदराने पट्टी पुसली. तीन सिंह पिवळेधमक उठले.

ती पट्टीवर वाकली. "हे तर नोटेवरचे सिंह," ती म्हणाली. "बाबा गेले तेव्हा नोटेवर राजा होता."

"अगं, दुरुस्तीत नंतर मारतात असे शिक्के. याला विचार."

तिने विचारलं.

"नाही मारत," मी म्हणालो. "ही तुमच्या वडिलांची नाही. बनली तेव्हा युद्ध कधीच संपलं होतं."

माझा आनंद तिथेच विरला. माझी नजर त्याच्या चेहऱ्यावर होती, म्हणून तिचा मला उशिरा दिसला. तिने रायफलवरचा हार काढून मांडीवर घेतला.

"मग इथे बाबांचं काय आहे?"

"क्रांजीला युद्धस्मारक आहे, तिथे भिंती आहेत. ज्यांचे देह सापडले नाहीत त्यांची नावं कोरलीत. तिथे असेल."

"लांब आहे?"

"नाही. माझ्याच मेट्रोच्या लाईनवर, यिशुनच्या पुढे."

ती मुलाकडे वळली. "तू मला दोनदा सेंटोसाला मौजमजेच्या बेटावर नेलंस," ती म्हणाली. त्याच्याशी ती एवढंच बोलली.

मला म्हणाली, "उद्या सकाळी घ्यायला ये." मग स्वयंपाकघरात गेली, हार एका डब्यात नीट गुंडाळून ठेवला आणि डबा फ्रिजमध्ये सरकवला, सकाळपर्यंत फुलं ताजी राहावीत म्हणून.