चपला रस्त्यावर आल्या

रविवारी उपासनेला पोचले, तर चपला पायऱ्या सोडून रस्त्यावर आल्या होत्या. म्हणजे आता मंडळी वाटली जाणार. आमचा ख्रिस्ती पंथ लहान, देऊळ बांधत नाही, उपासना कुणाच्या तरी घरीच होते. एका कंपाउंडरच्या स्वयंपाकघरात चार माणसांनी तो सुरू केला. घर पुरेनासं झालं की मंडळी दोन घरांत वाटायची, हा त्यांचाच नियम. प्रत्येक वाढीत कुणाचा तरी निरोप घ्यावा लागतो. पण हा नियम नसता, तर उपासना आमच्या गल्लीपर्यंत आलीच नसती.

या वेळी कालव्यापलीकडचे लोक वेगळे झाले, म्हणजे रोझाबाईही. आमच्याकडे पेटी नाही. गीत त्या उचलायच्या आणि आम्ही मागून गायचो.

"आता इथं गीत कोण उचलणार हो?" मी त्यांना विचारलं.

"तू."

"मी? माणसं पळतील."

"पळू देत की. चपला तरी पायरीवर मावतील."

पुढच्या रविवारी सगळे माझ्याकडे बघत बसले. मी सुरुवात केली, ती भलत्याच उंच पट्टीत. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी तीच पट्टी धरली, गळे ताणले आणि शेवटच्या कडव्यापर्यंत माझी साथ सोडली नाही.