पुठ्ठ्याखालचं नाव

पांढरकवड्यात माझं रिचार्जचं दुकान आहे. गिऱ्हाइकांच्या नंबरांची वही मीच एका कंपनीच्या माणसाला दिली, त्यानं फोटो काढले. मग गावातल्या बायांना नको नको ते फोन येऊ लागले.

कंपनीवर सगळ्यांनी मिळून दावा लावायचा म्हणून एक अनोळखी बाई सह्या घेत दुकानात आली. आधीची नावं-नंबर तिनं पुठ्ठ्यानं झाकले होते.

"एकाचा नंबर दुसऱ्याले कायले दिसू द्यायचा?" ती म्हणाली. "तुमचाही गेला असन ना, भाऊ?"

मी मान हलवली. फसवल्या गेलेल्यांच्या यादीत सहीसुद्धा केली.

तिनं पुठ्ठा अलगद खाली सरकवला.

"फिकर नोका करू, भाऊ. तुमचं नाव कोणालेच दिसत नाही."