सोनवणे काकांचा गेटवरचा फोन

सोनवणे काका ड्युटीवर झोपत नव्हते.

हे मी आठ महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं. आज ते गेल्यावर सांगतोय.

सिन्नरच्या एमआयडीसीत आमच्या कंपनीच्या मागच्या गेटवर काका वॉचमन होते. सेकंड शिफ्टला. मूळचे कळवणकडचे. मी तिथला आयटीवाला.

ड्युटीवर मोबाइल बंदी, त्यामुळे केबिनमधला फोन हाच त्यांचा आधार. त्या फोनला आणि कॅमेऱ्यांना वीज एकाच डब्यातून जाते, नेटवर्कच्या वायरीतूनच. त्याला आम्ही मॅनेज्ड पीओई स्विच म्हणतो. वीज कमी पडली तर आधी कोणाची तोडायची, हे त्यात सेट करता येतं.

मी कॅमेरे वर ठेवले. गेटचा फोन सगळ्यात खाली, म्हणजे आधी त्याचीच वीज तुटणार. मागच्या गेटवरून कोण फोन करतंय!

पुढे त्याच स्विचवर चार नवे कॅमेरे लावले.

काका म्हणायला लागले, "साहेब, अंधार पडला का फोन मरतो बघा. सकाळवाला म्हनतो, चालू हाय."

मी म्हणालो, "काका, फोनलाही सेकंड शिफ्ट नको असेल."

सगळे हसले. काकाही हसले.

साहेब लोक संध्याकाळी गेटवर फोन करायचे, तो कोणी उचलायचं नाही. तीनदा झालं. रिपोर्ट गेला : वॉचमन झोपतो.

काका माझ्या टेबलापाशी आले. "मी झोपत नाय हो साहेब. तुम्ही सांगा ना, तुमचं ऐकत्यात."

मी सकाळी अकराला केबिनमध्ये जाऊन रिसीव्हर उचलला. टोन होता. रिपोर्टवर 'फोन ओके' लिहिलं आणि सही ठोकली.

त्याच आठवड्यात काकांना काढलं.

नंतर एका कॅमेऱ्याच्या भानगडीत स्विचचा लॉग, म्हणजे त्याने स्वतः ठेवलेली नोंद, उघडला. अंधार पडला की कॅमेऱ्यांचे नाइट व्हिजनचे दिवे लागायचे, वीज कमी पडायची आणि स्विच गेटचा फोन बंद करायचा. मी सांगितलं होतं, अगदी तसंच. एकही संध्याकाळ सुटलेली नव्हती.

दोन मिनिटांत सेटिंग बदललं. कोणाला काही बोललो नाही. अप्रेझल तोंडावर होतं. एवढीच माझी लायकी.

म्हटलं, रविवारी कळवणला जाऊन काकांची माफी मागू. तो रविवार काही उजाडला नाही. मध्ये वणीला गडावर दर्शनाला गेलो होतो. तिथून कळवण ते किती लांब? तरी गाडी नाशिककडेच वळवली.

काय तोंड दाखवणार होतो?

आज सकाळी कंपनीच्या ग्रुपवर काकांचा फोटो आला. हार्ट अटॅक. खाली पटापट जोडलेले हात.

तेवढ्यात एकाने विचारलं, "हे तेच ना, ड्युटीवर झोपणारे?"

त्याच्याखाली मी तो लॉग टाकलाय. माझ्या सहीचा रिपोर्टही टाकलाय. एचआरला काय करायचं ते करू दे.



काका, फोन ओके नव्हता.
तुम्ही खरं बोलत होतात.

उशिराची श्रद्धांजली, मान खाली घालून.