दर्यापूरच्या वहीतले पाच किलो

मला दुसऱ्या टेबलावरच्या मोठ्या बाबूने फसवलं. सौदा मात्र माझ्याच तोंडून ठरला होता, म्हणून आजही जास्त जळतं.

साठ सालानंतरची गोष्ट. अकोल्याला पिकांचे आकडे लावणारं आमचं छोटं कार्यालय होतं. गावोगावी शेतात एक तुकडा आखून तिथली ज्वारी कापायची, किती किलो निघाली ते तालुक्याने आम्हाला कळवायचं. काम तीन टेबलांवर वाटलेलं. पहिल्या टेबलावर मी, वजनं वहीत उतरवून खाली सही करायचो. दुसरं टेबल त्या वजनांतला चढउतार काढायचं, तिसरं तालुक्याची सरासरी. नियम एकच होता. वही आपल्या टेबलावरून हलवायची नाही. पुढच्या टेबलाला आकडे हवेत, तर चिठ्ठीवर उतरवून द्यायचे. चिठ्ठीवर त्याने काय गोंधळ घालायचा तो घालावा, वही शाबूत.

मी चांदूर बाजारचा. बैलबाजारात दलालाच्या हाताखाली राबून मॅट्रिक झालो, कोणाची शिफारस न आणता नोकरी मिळवली. तीन वर्षं तात्पुरता होतो. त्या उन्हाळ्यात एका माणसाला कायम करणार होते आणि यादीत पहिलं नाव माझं होतं.

चिठ्ठ्या उतरवण्यात माझी अर्धी सकाळ जायची. शिवाय तालुक्याच्या कागदांवरच्या बेरजा तपासायला बेरजेचं यंत्र लागे. ते सगळ्यांत मिळून एकच, हाताने दांडा फिरवायचं, आणि मोठ्या बाबूच्या ताब्यात. मी त्याला गाठलं.

"भाऊ, सकाळी मशीन मले द्या. मी तुमाले चिठ्ठी नाही, वहीच देतो."

"वही? अन् साहेबानं पाह्यलं तं?"

"साहेब अकराले येतेत. पण वहीले पेन्सिल लावाची नाही."

"अबे, मी काय लहान लेकरू हाय?"

"लेकरू असते तं भ्याव नव्हतं."

तो खो खो हसला आणि यंत्र माझ्याकडे सरकवलं. मला वाटलं, मी जिंकलो.

वजनं आम्ही आधी पेन्सिलीने लिहायचो, वरून पडताळा झाला की शाईने. मोठा बाबू काय करायचा, प्रत्येक वजनातून पाच किलो वजा करून घ्यायचा. आकडे लहान झाले की पुढचे वर्ग, म्हणजे आकड्याला त्याच आकड्याने गुणणं, भराभर होतात आणि चढउतार तेवढाच राहतो. रीत चुकीची नाही, सगळेच वापरतात. पण चिठ्ठीवर! या माणसाने दर्यापूरची पानं उघडली, माझे आकडे रबराने पुसले आणि पाच कमी करून त्याच जागी लिहिले. अकराचे सहा. नवाचे चार. आणि वही तशीच तिसऱ्या टेबलावर ढकलली.

तिथे बसायचे ते मूर्तिजापूरहून रोज गाडीने येणारे चाचा. त्यांना वाटलं, हीच मूळ वजनं. त्यांनी सरासरी काढली, तक्ता अमरावतीला वरच्या कार्यालयात गेला. आठवड्यात विचारणा आली. शेजारच्या तालुक्यांत ज्वारी चांगली असताना दर्यापूरची निम्मी कशी?

साहेबांनी तिघांना उभं केलं.

"वही कोणाची?"

"माझी, साहेब. पण हे आकडे माझे—"

"खाली सही कोणाची?"

मी मोठ्या बाबूकडे पाहिलं. तो छताकडे पाहत म्हणाला, "माझ्याकडं तं चिठ्ठीच येते, साहेब. नियमच हाय ना."

"खोटं काहून बोलून राहिले, भाऊ? चार दिवस वही तुमच्या टेबलावर होती!"

"आवाज कम कर बाबा," चाचा पुटपुटले. "मले वही भेटली, मी सरासरी काढली. पाच कोनं काढले, मले काय मालूम?"

साहेब मात्र माझ्याकडेच पाहत होते. "म्हणजे वही टेबलावरून हलली, हे तू कबूल करतोस?"

दुसऱ्या दिवशी मी दर्यापूरची बस धरली. तालुक्याच्या कचेरीतून मूळ वजनांची नक्कल शिक्क्यासकट आणली आणि साहेबांपुढे ठेवली. एकूण एक गावात फरक पाचचाच. लिहिताना चुकणारा माणूस दर वेळी मोजून पाचच किलो चुकतो का? साहेबांनी ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत पाहिलं. त्यांना कळलं, हे मी त्यांच्या तोंडावर पाहिलं. तक्ता दुरुस्त होऊन पुन्हा अमरावतीला गेला. यादीतून माझं नाव उडालं, कायम दुसराच झाला.

हल्ली संगणकावर आकडेमोड करणारी पोरं सांगतात, एका कामाने दुसऱ्याला आकड्याची नक्कल द्यायची की मूळ आकडाच हाती द्यायचा, यावर त्यांच्यातही घोळ होतात. होऊ द्या. त्यापायी त्यांचं नाव यादीतून उडत नाही.

वही मी दिली, नियम मी मोडला. तेव्हाही कबूल केलं, आजही करतो. मोठ्या बाबूला विचारण्यात अर्थ नाही, तो पुन्हा छताकडे पाहील. पण साहेब, तुम्ही निवृत्त होऊन अमरावतीत आहात, धडधाकट आहात. पाचचा फरक स्वतःच्या बोटाने मोजल्यावर तुम्ही त्याला एका शब्दाने का विचारलं नाही? मला याचं उत्तर पाहिजे.