ठरावातला पासवर्ड

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत पाण्याचा पंप एक कॉम्प्युटर चालवतो. कॉम्प्युटर म्हणजे पत्त्यांच्या कॅटाएवढा उघडा बोर्ड, ना पडदा, ना कीबोर्ड. तो मी बसवला आणि पुढे वर्षभर छाती काढून जिना चढलो. पाणी सकाळी सहाला यायचं, पंप सहाला सुरू व्हायचा. आमची खालची टाकी भेगाळलेली आहे, पाणी लगेच वर चढवलं नाही तर जमिनीत मुरतं. ती दुरुस्त करावी की नाही यावर सभेत अजून एकमत व्हायचंय.

बोर्ड बसवला तेव्हा पासवर्डवरून जुंपली होती. खजिनदारांना तो हवा होता. मी ठणकावून सांगितलं, दहा जणांनी हात घातला की मशीनची वाट लागते. मग रीतसर ठराव झाला, की पासवर्ड चिटणीसांखेरीज कोणासही ठाऊक असू नये. चिटणीस मीच. पंपाचं जुनं बटणही मी हौसेने काढून टाकलं. चौथ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात, त्यांनी तेवढं विचारलं, "आणि तुम्ही विसरलात तर?"

"बाई, मी अजून तेवढा म्हातारा झालो नाही," मी म्हणालो. त्यांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला.

यंदा पाण्याची वेळ बदलून संध्याकाळी पाच झाली. पंपाची वेळ बदलायला बसलो, तर पासवर्ड आठवेना. जुन्या स्कूटरचा नंबर घातला, गावाचं नाव घातलं, देवाचंही घालून पाहिलं. बायको म्हणाली, "माझा वाढदिवस घालून पाहिलात का? आधी तो आठवतोय का बघा." तोही चुकला. ठराव तंतोतंत पाळला जात होता, पासवर्ड आता खरोखरच कोणाला ठाऊक नव्हता.

वायरमन म्हणाला, दहा मिनिटांत बटण लावून देतो. मी नको म्हणालो. सभेत एवढी फुशारकी मारल्यावर बटण कुठल्या तोंडाने लावायचं? दोन दिवस वरची टाकी कोरडी राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात बाई दिसल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, इमारतीला लिफ्ट नाही, आणि हातात शेजारच्या सोसायटीतून आणलेली अर्धी बादली. एकेका पायरीवर ती टेकवत चढत होत्या. मी घ्यायला गेलो तर म्हणाल्या, "राहू द्या. तुम्हाला मशीनचं काम असेल." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बादली मी ओढूनच घेतली, वर पोचवली आणि तडक बुधवार पेठेतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार गाठला. त्या बोर्डाचं सगळं डोकं नखाएवढ्या कार्डात असतं, ते लॅपटॉपला लावायचा रीडर आणला. कार्डावर सुरुवातीच्या सूचनांची एक फाइल असते. तिच्या ओळीला शेवटी, पासवर्ड न विचारता आत घे अशा अर्थाचे चार शब्द जोडले, कार्ड परत बसवलं, बोर्ड घरच्या टीव्हीला लावला, कीबोर्ड जोडला आणि चालू केला. त्याने पासवर्ड विचारलाच नाही. मालक असल्यासारखं आत घेतलं आणि नवा ठेवू दिला. म्हणजे ज्या कुलपासाठी मी खजिनदारांशी भांडलो, ते कार्ड हातात असलेल्या कोणालाही चहा उकळेपर्यंत उघडता आलं असतं. जोडलेले शब्द पुसले, पंपाची वेळ बदलली, बोर्ड परत पंपापाशी बसवला. पाचला पंप घरघरला.

मी वर बाईंना सांगायला गेलो. स्वयंपाकघरात पातेली, डबे, तांबे, सगळं भरून ठेवलेलं. त्यांच्या तळहातावर बादलीच्या कडीचा लाल वळ होता.

"बाई, चुकलो," मी म्हणालो. "उद्या बटण लावून घेतो."

"लावा. माझ्या हाताला येईल असं लावा." मग त्यांनी खणातून वही आणि पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. "नवा पासवर्ड दहा वेळा लिहा. पान इथेच राहील."

"पण बाई, तो ठराव..."

त्यांनी पेन उचलून माझ्या हातात दिलं. पन्नाशीचा मी, स्टुलावर बसून लिहू लागलो. सातव्या ओळीला नळ खाकरला, दोनदा थुंकला आणि पाण्याची धार लागली. मी पेन ठेवून उठलो.

"तीन राहिल्यात," बाई म्हणाल्या आणि रिकामी बादली नळाखाली लावली.

मी परत बसलो.